थोरल्याचा श्वास

सकाळी साडेदहाला कप्तानांनी पाटीवर लिहिलं, ‘आज चार वाजता ऐकव.’ नातीने, भुंगीने, ते वाचलं याची खात्री केली आणि गोळी घेऊन कप्तान झोपायला गेले.

आता बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटायचं नाही. आजोबांनी ट्रम्पेट वाजवला, नातीने रेकॉर्ड केला, आजोबांना ऐकायचाय. लाव बाई आणि मोकळी हो. पण हे घर तसलं नाही. इथे पन्नास वर्षं एकच कायदा चालत आला होता आणि तो कप्तानांनीच केलेला. वाजवलं की गेलं, परत ऐकायचं नाही. “कालचं ऐकत बसलात तर उद्या काय वाजवाल?” असं ते विचारायचे, बोलता येत होतं तेव्हा. डान्स हॉलमध्ये ते बँडचे कप्तान होते त्या दिवसांतही बाकीचे लोक आपलं वाजवणं टेपवर ऐकायला जमायचे आणि हे खुशाल कोट घालून घरी. मुलांनी तेच उचललं, नातीनेही तेच. या घरात कायदा मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला तशी गरजही वाटली नव्हती.

ऑपरेशनमध्ये खालचा अर्धा जबडा गेला, जिभेचा तुकडा गेला. ट्रम्पेट सुटला आणि बोलणंही सुटलं. गेल्या आठवड्यात पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘माझा ट्रम्पेट डोक्यात वाजायचा. तो आता पुसट होतोय. कसा होता ते आठवत नाही.’ ते वाचून त्यांची मुलगी, भुंगीची आत्या, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. ज्यांनी कायदा केला त्यांनीच तो मोडायचा ठरवला होता, तो असा.

जुन्या दोन तबकड्या होत्या, पण त्यांत आठ जण एकदम फुंकतात. कप्तान एकटे वाजवताहेत असं जगात एवढंच होतं: ऑपरेशनच्या आधीच्या चार दुपारी, बाहेरच्या खोलीत, भुंगीने रेकॉर्ड केलेल्या.

थोरला, म्हणजे कप्तानांचा मोठा मुलगा आणि भुंगीचा बाप, त्या वेळी पियानोच्या तारा लावून नुकताच घरी आला होता. पियानो दुरुस्ती हे त्याचं पोटापाण्याचं काम. बँडमध्ये डबल बेस, ते माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवणं हे त्याचं खरं काम, पण ते चालायचं कप्तान उभे होते तोवर. पाटी वाचून तो खूश झाला.

“बघ! शेवटी वळले की नाही? मी सांगत नव्हतो?”

“पप्पा, आत या. दार लावा.”

भुंगीची खोली जिन्याखाली. भिंतींना स्पंज चिकटवलेला, दोन स्पीकर, एक कीबोर्ड, एक कॉम्प्युटर आणि पाय ठेवायला जेमतेम जागा. इथे बसून ती आजोबांच्या जातीचं जॅझ आणि मशीनचा नाचाचा ठोका एकत्र करायची. आजोबांच्या ट्रम्पेटचा तिने केलेला तुकडा क्लबांतून वाजत होता, लोक त्यावर बेभान नाचत होते, तिचं नाव झालं होतं. थोरल्याने तो कधी ऐकला नव्हता. कायदा म्हणजे कायदा.

“काय झालं? चेहरा का असा पडलाय?”

“मूळचं रेकॉर्डिंग नाहीये.”

“नाहीये म्हणजे? इथे नाहीये? कुणाकडे आहे?”

“कुठेच नाहीये. पुसलं गेलं. माझ्या हातून.”

तिने जे सांगितलं ते असं. तिच्या धंद्यात कुठलंही वाजवणं हाती आलं की आधी साफसफाई करतात. खुर्चीची करकर काढायची, श्वास काढायचे, मग एकेक सूर उचलून ठोक्याच्या रेघेवर नेमका बसवायचा. हजार माणसं एका ठोक्यावर उड्या मारत असताना ट्रम्पेट मागे राहून चालत नाही. तसं सगळं करून तिने ते वेगळं साठवलं. मग एका मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी डिस्क भरली. कॉम्प्युटरने विचारलं, वापरात नसलेल्या फाइल्स काढून टाकू? ती बूट घालून उभीच होती. तिने ‘हो’ दाबलं.

“तीन दुकानांत नेली डिस्क. तिसरा म्हणाला, ताई, त्यावर दुसरं लिहिलं गेलंय, आता देव आला तरी निघणार नाही.”

“कधीची गोष्ट ही?”

“सात महिने झाले.”

“सात महिने! सात महिने तू हे पोटात ठेवून आमच्यासोबत जेवतेस?”

“तुम्ही कुणी मागितलंच नाही, पप्पा! एकाने तरी म्हणायचं होतं, लाव गं जरा, ऐकू. दुसऱ्या कुठल्याही घरात त्याच संध्याकाळी चार जणांनी फोनवर घेतलं असतं.”

त्या चार दुपारी सगळ्यांचे फोन कप्तानांच्या हुकमावरून स्वयंपाकघरातल्या डब्यात बंद होते, आणि डबा खुद्द थोरल्यानेच बंद केला होता. नंतर कप्तान दवाखान्यात गेले, आले, महिने गेले. या घराने ते वाजवणं कायद्याप्रमाणे ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही म्हणून ते गेल्याचं कुणाला कळलंही नाही. अशी चूक फक्त याच घराला करता आली असती.

“साफ केलेलं लाव,” तो म्हणाला.

तिने लावलं. ट्रम्पेट त्यांचाच होता, सूरही तेच. पण प्रत्येक सूर ठोका पडला रे पडला की हजर. कप्तान आयुष्यात कधी ठोक्यावर वाजले नव्हते. ठोका पडून जायचा, ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायचा, आणि मग ते यायचे. बँडमधले चिडवायचे की आपण सामान बांधून पायऱ्या उतरलो की कप्तानांचा शेवटचा सूर भेटतो. थोरल्याने अर्ध्या मिनिटात कान झाकले.

“हे बाबा नाहीत. हा घड्याळ बघून हजेरी लावणारा कारकून आहे.”

भुंगी रडायला लागली. त्याला वाटलं, उठावं, तिला चांगलं खडसावावं, आणि बाहेर निघून जावं. त्याऐवजी त्याने घड्याळाकडे पाहिलं. तो घाबरला होता, आणि घाबरला की हा माणूस नेहमी कामाला लागतो.

“अकरा वाजलेत. रडू नकोस. सूर पुढे आणलेस ना? मग मागे ने.”

“किती नेऊ? प्रत्येक सूर वेगळा मागे होता. कुठला किती, ते त्या फाइलमध्येच होतं.”

“चाळीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. मी सांगतो किती.”

तिला काही सुचत नव्हतं म्हणून ती बसली. त्यांनी एकच संथ चीज घेतली, चार मिनिटांची. थोरला डोळे मिटून पाठीमागे उभा राहिला.

“मागे. अजून. अजून. हां, थोडा पुढे घे. आता पुढचा. तिथे आळस नाही, तिथे ते रुसायचे. ने मागे. बास.”

एक वाजेपर्यंत निम्मं झालं. जेवणाचं नाव कुणी काढलं नाही. मग भुंगी म्हणाली, “श्वास नाहीयेत. मी सगळे काढून टाकलेत. त्यांच्याशिवाय हे कागदासारखं वाटतंय.”

थोरल्याने दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाला, “माइक लाव.”

“काय करताय?”

“लाव म्हटलं ना.”

आणि तो माइकसमोर उभा राहून बापाचे श्वास घ्यायला लागला. नाकातून नाही, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून, खांदे न उचलता. लांब सुरांच्या आधी लांब, छोट्यांच्या आधी नुसती चुटकी. पाठ होता तो श्वास त्याला. बँडमध्ये कुणी एक-दोन-तीन मोजत नसे, कप्तानांनी श्वास घेतला की सगळे सुटायचे. साठीला आलेला माणूस जिन्याखाली वाकून उभा राहून श्वास घेत होता आणि पोरगी ते रेकॉर्ड करत होती. तिला वाटलं, हे सगळं आत्ता थांबलं तर बरं. पण तिने थांबवलं नाही, कारण थांबवलं की चार वाजता वर जाऊन सांगायचं होतं.

आत्या दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसते. आज शनिवार, म्हणून अर्धाच दिवस. अडीचला ती आली, चप्पल काढता काढता तिला जिन्याखालून ट्रम्पेट ऐकू आला आणि एक चप्पल हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. पहिल्या चार सुरांना तिला खरंच बाबा वाटले. पाचव्याला नाही. पाचवा सूर असा आला की एखादा माणूस दोन पेग घेऊन बाबांसारखं चालून दाखवतोय.

तिने दार उघडलं.

“कोण वाजवतंय हे?”

मग थोरल्याने सगळं सांगितलं, पोरीला बोलू न देता, आणि शक्य तिथे दोष आपल्या अंगावर घेत. हे आत्याला नवीन होतं. चार दुपारी रेकॉर्ड करायच्या म्हणून हीच भांडली होती. थोरला म्हणाला होता, ही पोरगी बाबांना मशीनमध्ये घालून लगदा करेल, आणि त्यावरून भाऊ-बहिणींमध्ये दोन महिने अबोला होता. आता तोच पोरीच्या पुढे उभा होता.

“भुंगे, इकडे बघ,” आत्या म्हणाली. “तुझ्यासाठी मी याच्याशी वैर घेतलं. बाबांच्या हातापाया पडले. त्यांना म्हटलं, पोरगी तुमचं जपेल. हेच जपलंस?”

“मला वाटलं मी नीट करतेय.”

“काय नीट करतेस? त्यांना?”

“हो!” भुंगी ओरडलीच. “मला लहानपणापासून वाटायचं की आजोबांचं चुकतं. ते मागे पडतात, आणि तुम्ही सगळे त्यांना घाबरून गप्प बसता. मला वाटलं, मी त्यांचं वाजवणं नीट करून ठेवते, जगाला कळणार नाही. मी प्रेमाने केलं गं आत्या. एकेक सूर केला. तीन आठवडे लागले मला.”

आत्या खाली बसली. कुणी तिला मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. या पोरीला मांडीवर घेऊन ती तालमींना बसायची. ज्या घरात ही वाढली, तिथेच हिला हे ऐकू आलं नव्हतं, आणि ऐकू आलं नाही हे बाबा, दादा आणि ती, तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. शिकवायला हवं असतं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. घरात आहे म्हणजे येतंच, असं धरून चालले.

“निम्म्या बँडला तेच वाटायचं,” थोरला हळूच म्हणाला.

“तू तिची बाजू घेऊ नकोस, दादा. आणि हे काय चालवलंय? वर जा आणि सांगून टाका त्यांना.”

“तू सांग. जा. त्यांनी लिहिलंय ना, आठवत नाही म्हणून? त्यांना जाऊन सांग की आता कधीच आठवणार नाही.”

“म्हणून खोटं ऐकवणार? त्यांना? त्यांच्या कानाला?”

“आजारी माणूस आहे. गोळ्यांनी अर्धा झोपेत असतो. त्याला एक दुपार बरी गेली तर तुझं काय जातंय?”

“माझं काय जातंय म्हणे! मीही त्यांचीच मुलगी आहे.”

“मग बस आणि मदत कर.”

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि ओठाचा उजवा कोपरा श्वास घेऊन घेऊन लाल झाला होता. तिला त्याची लाज वाटली आणि त्याच वेळी त्याची इतकी दया आली की तिने तोंड फिरवलं. ती जायला उठली. दारापर्यंत गेली. मग म्हणाली, “तो पाचवा सूर. तो इतका मागे नको. तिथे मी गायचे.”

“मग?”

“मग काय मग? तिथे ते माझी वाट बघायचे. मी यायचे, मग ते यायचे. माझी ओळ संपली की लगेच. थांब, गाऊन दाखवते.”

आणि ती गायली, दबक्या आवाजात, वर ऐकू जाऊ नये म्हणून. वयाने आवाज फाटला होता. भुंगीने पाचवा सूर त्या ओळीच्या शेवटाला नेऊन ठेवला. तिघंही आता एकाच पापात होती, आणि विचित्र म्हणजे एका खोलीत तिघं अशी एकत्र बसली होती ती ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

पावणेचारला वरून पावलं वाजली.

कप्तान इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. केस पाणी लावून बसवले होते. नीट आवळलेला पट्टा, पायांत बूट. घरातल्या घरात बूट घातलेले पाहून आत्याला हुंदका आला, तो तिने खोकल्यात दडवला. ते आरामखुर्चीत बसले, पाटी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. भुंगीने स्पीकर, कॉम्प्युटर, माइक, सगळं बाहेर आणलं होतं.

“लावू, आजोबा?”

त्यांनी मान हलवली.

चार मिनिटं. भुंगी पूर्ण वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिघंही चेहऱ्याकडेच बघत होती. त्यात काही दिसेना. तो चेहरा आता अर्धाच हलत होता. डोळे मिटलेले. उजव्या हाताची तीन बोटं खुर्चीच्या लाकडावर उठत-पडत होती, ट्रम्पेटच्या तीन कळा दाबल्यासारखी. कुठे कुठे ती ट्रम्पेटच्या आधी पडायची, कुठे नंतर. थोरला श्वास रोखून उभा होता. मधे एकदा कप्तानांची भुवई वर गेली. शेवटचा सूर संपल्यावर त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हलायची, ती हसली. कित्येक महिन्यांत ते हसले नव्हते.

थोरल्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे पुसले. निभावलं, असं दोघांनाही वाटलं.

कप्तानांनी मार्कर उचलला आणि लिहिलं, ‘नक्कल झकास. श्वास थोरल्याचा.’

पाटी त्यांनी थोरल्याकडे धरली आणि त्याला डोळा मारला. दोस्तांनी काहीतरी गंमत करून दाखवली आणि आपण ती ओळखली, असा तो डोळा होता. मग त्यांनी ते पुसलं आणि दुसरं लिहिलं.

‘आता माझं लाव.’

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं होतं. आत्या खिडकीकडे वळली. राहिली भुंगी.

“आजोबा, दुसरं नाहीये.”

ते हसतच राहिले. गंमत अजून चालू आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बोटाने कॉम्प्युटरकडे खूण केली. लाव.

“नाहीये, आजोबा. मी पुसलं. चुकून पुसलं, पण मीच पुसलं. चारही दुपारी. म्हणून पप्पांनी हे केलं. आत्याचीही चूक नाही. माझी आहे.”

त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, दोघांपैकी एकजण हसेल म्हणून. हळूहळू तो अर्धा चेहराही खाली आला. भुंगी त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचे गुडघे धरले. तिला हवं होतं की त्यांनी पाटी फेकावी, तिला ढकलावं, काहीही करावं. ते भिंतीकडे बघत होते. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

मग त्यांनी लिहिलं, ‘मग तेच परत लाव.’

“बाबा, नको,” आत्या म्हणाली.

त्यांनी पाटीवर बोटाने ठोकलं. भुंगीने लावलं.

या वेळी ते डोळे उघडे ठेवून ऐकत होते, मान किंचित वाकडी करून, नवीन चीज शिकताना तालमीत ऐकायचे तसं. संपलं. त्यांनी बोट फिरवून खूण केली: पुन्हा. भुंगीने तिसऱ्यांदा लावलं, आणि चेहऱ्याकडे बघवेना म्हणून हातांकडे पाहिलं.

तीन बोटं लाकडावर पडत होती. ट्रम्पेटच्या बरोबर. थोरल्याने जिथे जिथे ‘बास’ म्हटलं होतं, अगदी तिथे, एकही आगेमागे नाही.

तेव्हा तिला कळलं. पहिल्यांदा ती बोटं बरोबर पडत नव्हती. पहिल्यांदा ती त्यांच्या स्वतःच्या जागी पडत होती, प्रत्येक सुराची खरी जागा, चार मिनिटं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि लाकडावरचे ते ठोके पकडायला माइक तिच्या हाताशी होता. ती चेहऱ्याकडे बघत बसली.

“पप्पा,” ती कुजबुजली, “बोटं. पहिल्यांदा बोटं कुठे पडत होती, आठवतंय?”

थोरल्याने बापाच्या हाताकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो खाली बसला आणि त्याने मान हलवली, नाही म्हणून.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “भुंगे, बंद कर. त्यांच्या बोटांत आता हेच बसतंय.”

पण कप्तानांनी हात वर करून त्याला गप्प केलं, आणि चौथ्यांदा लावायची खूण केली.